टेपखालचा आकडा

तुम्ही चोर आहात. रबरी हातमोजे घालून, "सहकार्याबद्दल आभार" म्हणत चोरी करता, एवढाच फरक. माझ्या बापाच्या चार तासांच्या श्वासाची बॅटरी तुम्ही काढून घेतलीत आणि जॅमच्या बाटल्यांशेजारी टोपलीत टाकलीत. हे मी आधी तुमच्या, म्हणजे विमानतळावरच्या तपासणीवाल्यांच्या, वेबसाइटवरच्या तक्रारीच्या चौकोनात लिहायला बसले होते. तो चौकोन पाचशे अक्षरांनंतर लाल होतो. पाचशे अक्षरांत माझ्या शिव्यासुद्धा मावत नाहीत. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर.

मी रोंडा स्कार. नॉर्थ डकोटात राहते, एकवीस वर्षं अठरा चाकांचा ट्रक चालवते. शाळा अकरावीत सोडली. पण तुमचे बॅटरीचे नियम मी दोनदा वाचलेत, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा दोनदा जास्त.

माझे वडील ओर्लिन, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम केलं, गव्हाची धूळ छातीत भरून घेतली, आता नाकात नळी आणि खांद्याला ऑक्सिजनचं यंत्र. यंत्र छोटंच, जेवणाच्या डब्याच्या पिशवीएवढं, बॅटरीवर चालणारं. दर श्वासाला 'फुस्स' करतं. बाबा म्हणतात, "तुझ्या आईनं एवढी साथ दिली नाही." आई फिनिक्सला असते, एका दंतवैद्याबरोबर, त्यामुळे यावर मी काही बोलत नाही.

बाबांचा धाकटा भाऊ डेलमर काका स्पोकेनला असतो. त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तारीख तीन आठवडे पुढची होती. मग कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं आणि मंगळवारी काकाला रुग्णालयातून फोन आला: गुरुवारी सकाळी या, पहिला नंबर तुमचा.

काकानं लगेच बाबांना फोन केला. मी तो स्पीकरवर लावला, कारण बाबा फोन उलटा धरतात आणि मग समोरचा हळू बोलतो म्हणून चिडतात.

"ओर्ल्या," काका म्हणाला. आवाज आधीच खरवडलेला. "गुरुवारी सकाळपर्यंत बोलता येईल मला. नंतर नाही."

"चाळीस वर्षांपूर्वीच काढून टाकायला पाहिजे होतं ते," बाबा म्हणाले.

"मोटरचं सांगायचंय."

यंत्र तेवढं फुस्स फुस्स.

"सांग की मग."

"फोनवर नाही. इकडे ये. तोंडावर सांगतो. एकदाच सांगणार, अन् परत सांग म्हणालास तरी सांगता येणार नाही."

मोटरचं म्हणजे काय, ते सांगते. एकेचाळीस वर्षांपूर्वी बाबांनी बोटीला लावायची नवीकोरी मोटर घेतली, वर्षभर ओव्हरटाइम करून. ती बोटीच्या मागच्या फळीला दोन स्क्रू आवळून बसवतात. पहिल्याच रविवारी दोघे भाऊ डेव्हिल्स लेकवर मासे पकडायला गेले. तलावाच्या मधोमध बाबांनी वेग वाढवला, मोटर फळीवरून उडाली आणि पाण्यात गेली. बुडबुडेसुद्धा मोजून चार आले, असं दोघंही सांगतात. त्या दिवसाबद्दल दोघांचं एकमत असलेली ही एवढीच गोष्ट. स्क्रू आवळायचं काम कुणाचं होतं, यावर एकेचाळीस नाताळ गेले. टर्की थंड झाल्या. माझ्या लग्नात केक कापायचा राहिला, कारण हे दोघं पार्किंगमध्ये एका पिकअपच्या मागच्या फळीवर प्रात्यक्षिक दाखवत होते.

हसायचं तर हसा. तुम्हाला भाऊ नसणार.

तर बाबांना गुरुवारी सकाळच्या आत स्पोकेनला पोचायचं होतं, सख्ख्या भावाच्या तोंडून, सख्ख्या भावाच्या आवाजात एक वाक्य ऐकायला. मी बुधवारी दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढली. एक विमान बदलायचं, संध्याकाळी जेवायला काकाकडे. सोपं होतं.

आता सामान. या विषयात मला कुणी शिकवू नये. वर्षातले तीनशे दिवस माझं घर म्हणजे ट्रकच्या सीटमागची पलंगाएवढी जागा. तिथे फोन, टॅब्लेट, फ्रिज, माझं झोपेत नाकाला लावायचं यंत्र, सगळं चार्ज करायचं असतं, आणि कुठली वस्तू प्रवासात मरते अन् कुठली टिकते ते मला हाडामासात माहीत आहे. वायर हातभर लांब पुरते. त्याहून लांब घेतली की ती पायात येते. चार्जर एकच घ्यावा, तीन-चार भोकांचा, प्रत्येक यंत्राचा वेगळा नाही. वायरींना नेलपॉलिशचे ठिपके लावावेत, म्हणजे अंधारातही टॉर्च मारली की कुठली कुणाची ते कळतं; लाल फोनची, हिरवी बाबांच्या यंत्राची. पिशवी मऊ आणि आतून पिवळी हवी, काळ्या पिशवीत काळी वायर शोधण्यात माझी दोन वर्षं गेली असतील. आणि बॅटरी. बॅटरी घेताना किंमत नंतर बघायची, आधी पाठ बघायची. पाठीवर वॉट-तासांचा, म्हणजे आत किती वीज मावते त्याचा, आकडा छापलेला नसेल तर ती दुकानातच ठेवायची. शंभरच्या आत आकडा असला की विमानात न्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

बाबांच्या यंत्राची जादा बॅटरी मी गेल्या हिवाळ्यात अशीच निवडून घेतली होती. निम्म्या किमतीतली एक होती, पाठ कोरी. ती मी दुकानदाराच्या अंगावर फेकायची बाकी ठेवली. घेतली ती अठ्ठ्याण्णववाली. पाठीवर पांढऱ्या लेबलवर स्वच्छ छापलेलं: ९८. यंत्राच्या पोटातली बॅटरी चार तास, ही चार तास. विमान कंपनीचं म्हणणं, उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट बॅटरी जवळ पाहिजे. आम्हाला साडेसहा तास लागत होते, आमच्याकडे आठ होते. दीड तास वर. मला फार शहाणं वाटत होतं.

मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडलं. बाबा समोर बसून हॉटडिशमधले, म्हणजे आमच्याकडच्या मांस-बटाटे घालून भाजलेल्या जेवणातले, बटाट्याचे गोळे तेवढे वेचून खात होते आणि एकेक वस्तू काट्यानं ढकलून बघत होते.

"हे काय?"

"बॅगेत टाकायचं. बॅग हरवली तर फोनवर दिसते कुठंय ते."

"हरवलेली दिसून काय करायचं? मिळाली पाहिजे." पुढची वस्तू. "अन् हे?"

"हेडफोन. बाहेरचा आवाज बंद करतात."

"तुझ्यासाठी घेतलेस का माझ्यासाठी?"

"तुम्ही बोलायला लागलात की मी घालणार."

"हं. अन् ही मानेची उशी? कुणी मरून पडलंय का?"

मग त्यांनी खिशातून स्वतःची खरेदी काढून टेबलावर ठेवली. ट्रकवाल्यांच्या पंपावर गल्ल्याशेजारी बादलीत भरून ठेवलेली असतात तसली वस्तू: गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा छोटा इन्व्हर्टर. बाहेरच्या बाजूला घरातल्यासारखं प्लग लावायचं भोक. कंपनीचं नाव नाही, फक्त एका वाघाचं चित्र, आणि तो वाघही बोक्यासारखा.

"हे कचऱ्यात टाका, बाबा."

"का? बावीस डॉलरला मिळालं. पन्नासचं होतं."

"पन्नासचं कधीच नव्हतं. आणि विमानात लायटरचं भोक नसतं."

"असायचं. अ‍ॅशट्रेच्या शेजारी."

"अ‍ॅशट्रे होते तेव्हा तुम्ही तीस वर्षांचे होता."

"मग भोकं काय बुजवली का त्यांनी?"

मी तो डबा पिशवीतून काढला. त्यांनी ठेवला. मी काढला. त्यांनी ठेवला. तिसऱ्यांदा मी नाद सोडला.

मग मी तुमचे नियम मोठ्यानं वाचून दाखवले. तुमचे. तुमच्या पानावरून. त्यात एक ओळ आहे: जादा बॅटरीची टोकं टेपने झाकावीत.

'टेप' हा शब्द ऐकला आणि बाबा उठले.

आमच्याकडची चंदेरी टेप तुम्हाला माहीत नसणार, कारण तुम्हाला काही दुरुस्त करायची सवय नाही. आमच्याकडं तिच्यावर जग उभं आहे. बाबांच्या पिकअपचा बंपर, टीव्हीचा रिमोट, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, त्यांचं पाकीट, सगळं त्या टेपनं धरून ठेवलंय. माझ्या लग्नातल्या बुटाच्या टाचेला आतून तीच होती. लग्न मोडलं, टाच नाही मोडली.

तर त्यांनी रोल आणला, दातानं टोक सोडवलं, आणि बॅटरीची टोकं झाकली. मग कडा झाकल्या. मग म्हणाले, आता एवढं केलंच आहे तर, आणि सगळी बॅटरी गुंडाळली. दोन थर. वरून अंगठ्यानं घासून गुळगुळीत केली. मग जाड काळ्या पेननं लिहिलं: ओ. स्कार, खाली फोन नंबर, त्याखाली 'हात लावू नये'.

"कशी झालीय?"

आणि इथं मी खरं लिहिणार, कारण तुमच्यासारखं अर्धं लिहायची मला सवय नाही. मी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "झकास." टेप बघितली की मला सुरक्षित वाटतं. एकवीस वर्षं मी त्याच टेपवर देश ओलांडतेय. आकडा टेपखाली गेला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आकडा बघून वस्तू घ्या म्हणून अख्ख्या ट्रकस्टॉपला सांगत फिरणारी मी.

बुधवारी सकाळी अकरा वाजता आम्ही तुमच्या सामान तपासायच्या पट्ट्यापाशी उभे होतो.

विमानतळ लहान, माणसं साठेक. पट्ट्यापलीकडे डेरिक होता. हा आमच्याच गावचा. याची आजी गेली तेव्हा चर्चच्या तळघरात बाबांनी दोन ट्रे हॉटडिश पोचवलं होतं. त्यानं पिशवी उघडली, पिवळं अस्तर बघून "वा" म्हणाला, मग बॅटरी काढली आणि दोन बोटांत धरून बघत राहिला. तुम्ही चित्रात दाखवता ना, तसल्या बॉम्बसारखी दिसत होती, हे मी मान्य करते. पण बॉम्बवर कोणी फोन नंबर लिहीत नाही.

"ओर्लिनकाका, हे काय आहे?"

"वाचता येतं ना? हात लावू नये."

"बॅटरी आहे," मी म्हणाले. "ऑक्सिजनच्या यंत्राची. डॉक्टरांचं पत्र पुढच्या खिशात."

"पत्र बघितलं ताई. पण हिच्यावर वॉट-तास किती लिहिलेत?"

"अठ्ठ्याण्णव."

"कुठे?"

"टेपखाली."

"मग दाखवावं लागेल."

मी नखानं टोक धरलं आणि ओढलं. ज्यांना ही टेप माहीत आहे त्यांना पुढचं कळलं असेल. टेप निघाली. लेबलही निघालं. बॅटरीची पाठ स्वच्छ, कोरी, दुकानात मी नाकारलेली ती निम्म्या किमतीतली होती अगदी तशी. टेपच्या चिकट बाजूला लेबलच्या चिंध्या. त्यातल्या एका चिंधीवर नऊ. पुढचं काही नाही.

"नऊ," डेरिक म्हणाला.

"नऊ-आठ. अठ्ठ्याण्णव."

"नऊच दिसतंय, ताई. नऊच्या पुढं काय होतं मला काय माहीत? नऊशेही असेल."

"नऊशेची बॅटरी ट्रकला लागते, डेरिक! मी बापाला ट्रकची बॅटरी लावून फिरवतेय का?"

मागे कुणीतरी हसलं. बाबांनी वळून त्याच्याकडं बघितलं आणि तो खोकला.

फोनवर खरेदीची पावती काढून दाखवली. पावतीवर मॉडेल नंबर होता. तो नंबर बॅटरीवर कुठे जुळवायचा? लेबलवर. लेबल कुठे? टेपवर, चिंध्यांमध्ये. खोका घरी, साठ मैलांवर. विमान तासाभरात.

"अरे पण तुम्हीच लिहिलंय टेप लावा म्हणून," मी म्हणाले. "हे बघ तुमचं पान. ही ओळ."

त्यानं ती वाचली. खरंच वाचली, ओठ हलवत. "टोकं लिहिलंय."

"टोकंच झाकली," बाबा म्हणाले. "मग उरलेलं उघडं बरं दिसेना."

डेरिकनं वरच्या साहेबाला फोन लावला. साहेब त्या इमारतीत नव्हता, त्या राज्यातही नव्हता बहुतेक. डेरिकनं बॅटरीचं वर्णन केलं, नऊचं सांगितलं, नाकातल्या नळीचं सांगितलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण डेरिकची मान खाली गेली.

"आकडा नाही तर नेता येत नाही. बाहेर नेऊन गाडीत ठेवा, नाहीतर इथे टाकावी लागेल."

मी विमान कंपनीच्या खिडकीवर पळाले. तिथली बाई गोड बोलली. पोटातल्या चार तासांवर तुम्हाला चढवता येत नाही, साडेसहा पाहिजेत, उद्या याच वेळेला जागा आहे. उद्या याच वेळेला काकाच्या गळ्यात नळी असणार होती. मी परत आले तोवर डेरिकनं बॅटरी टोपलीत टाकली होती. मी "बाहेर नेते" म्हणाले नाही म्हणून. करड्या रंगाची उघडी टोपली, रांगेला लागून. आत दोन चाकू, एक शाम्पू, कुणाच्या तरी आजीनं दिलेल्या चोकचेरीच्या जॅमच्या चार बाटल्या, आणि वर माझ्या बापाचं नाव.

"दे ती परत, बाहेर नेते."

"एकदा टाकली की काढता येत नाही, ताई. तसा नियम आहे." मग हळूच म्हणाला, "सॉरी, ओर्लिनकाका."

"तुझी आजी चांगली बाई होती," बाबा म्हणाले. एवढंच. आमच्याकडं याहून मोठी शिवी नाही.

पार्किंगमध्ये माझा पिकअप होता. बाबा पुढच्या सीटवर बसून यंत्राच्या दिव्याकडं बघत होते. बॅटरी पाऊणच उरली होती.

"किती लांब आहे स्पोकेन?" ते म्हणाले.

"अकराशे मैल."

"मग इथं काय अंडी घालतेस?"

"बाबा, मशीन तीन तासांत बंद पडेल. इथं गाडीत लावायचं कुठे?"

त्यांनी पिशवीत हात घातला आणि बोक्याच्या तोंडाचा वाघ बाहेर काढला.

मी तो लायटरच्या भोकात खुपसला. हिरवा दिवा लागला. हिरव्या ठिपक्याची वायर लावली. यंत्रानं 'टिंग' केलं आणि चार्ज घ्यायला लागलं. डब्यातला पंखा म्हाताऱ्या मांजरासारखा घुरघुरत होता. मी एक अक्षर बोलले नाही. बाबा मिसुरी नदी ओलांडेपर्यंत नुसते खिडकीतून बघत होते, आणि त्यांचे कान हसत होते. नदीनंतर मात्र त्यांना राहवलं नाही.

"बावीस डॉलर."

"बस्स, बाबा."

"पन्नासचं होतं."

माइल्स सिटीला पेट्रोल, वाळवलेलं मांस, सूर्यफुलाच्या बिया. मी मनातल्या मनात हिशोब करत होते: असंच सरळ गेलं तर सव्वासहाला पोचतो. रुग्णालयातून काकाच्या शेजारणीचा निरोप आला होता, साडेसहापर्यंत तो खोलीत असेल. पंधरा मिनिटं. एका वाक्याला भरपूर झाली.

पण ब्यूटच्या पुढं माझे डोळे मिटायला लागले. एकदा पांढरी रेघ चाकाखालून गेली. मी गालावर मारून घेतलं. दुसऱ्यांदा बाबांनी स्टिअरिंगला हात लावला.

"थांबव गाडी."

"पोचणार नाही आपण."

"थांबव म्हणतो ना. दोघंही मेलो तर मोटरचा निकाल काय लागायचा? तो म्हणेल, बघा, गाडीही याला सांभाळता आली नाही."

मी दोन तास झोपले. इंजिन चालू ठेवून, वाघ चालू ठेवून. ट्रकवाली आहे, झोप आली की थांबायचं, हे मी नव्या पोरांना शिकवते. ते दोन तास माझ्याच खात्यावर आहेत, तुमच्या नाही. पण ते का लागले, ते तुमच्या खात्यावर आहे.

आम्ही सव्वाआठला पोचलो. काकाला सहा चाळीसला आत नेलं होतं.

तिथली परिचारिका बाबांच्या नाकातली नळी बघून खुर्ची घेऊन आली. "तुम्ही मोटरवाले भाऊ का?" ती म्हणाली. "पहाटेपासून विचारत होते, आला का तो, आला का तो. आत नेताना मी म्हटलं, मला सांगा, मी सांगते त्यांना. तर म्हणाले, तुझ्या बापाची नव्हती मोटर."

बाबा हसले. मग हसणं राहिलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं. यंत्र फुस्स फुस्स करत होतं.

शुक्रवारी दुपारी आम्हाला आत सोडलं. काका उशांना टेकून बसला होता, गळ्यात नळी, अंगावर ते मागून उघडं झबलं. छातीवर मुलांची असते तसली पांढरी पाटी आणि निळं पेन. दोघांच्या नळ्या एकमेकांकडं बघून घेत होत्या.

"काय डेल्या," बाबा म्हणाले. "शेवटी गप्प बसलास."

काकानं मधलं बोट दाखवलं. म्हणजे तब्येत ठीक होती.

मग त्यानं पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं. बराच वेळ लिहिलं, तीनदा पुसलं. आमच्याकडं फिरवली.

'स्क्रू मी सैल सोडले होते. तुला सांगणार होतो की आवळायचेत. तितक्यात तू वेग वाढवलास.'

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. एकेचाळीस वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते निळ्या पेननं समोर होतं आणि त्यांचा चेहरा मी बघितला, तर त्यात जिंकलेला माणूस कुठंच नव्हता.

"हे नाही चालायचं," ते म्हणाले. "तोंडानं सांगतो म्हणाला होतास."

काकानं पाटीवरच्या अक्षरांवर बोट आपटलं.

"लिहून काय, कुणीही लिहील. तू म्हण. ओर्ल्या, मी सोडले, असं म्हण."

काकाचे ओठ हलले. ओर्ल्या, एवढं मला ओठांवरून कळलं. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली. बाबांच्या यंत्रासारखीच, फुस्स. बाबांनी कान पुढं नेला, अगदी त्याच्या तोंडापाशी, आणि तसेच वाकून राहिले, जसं काही जरा जवळ गेलं की ऐकू येईल.

मग काकानं पाटी पुसली आणि लिहिलं: 'मग जा. तूच बुडवलीस.'

बाबा एवढे हसले की यंत्र शिट्टी मारायला लागलं आणि परिचारिकेनं आम्हाला बाहेर काढलं.

परत येताना मॉन्टानात कुठंतरी ते म्हणाले, "तुझ्या त्या फोनमध्ये डेल्याचा आवाज आहे का गं?"

मी शोधला. माझ्याकडं दोन फोन, एक टॅब्लेट, एक जादा कार्ड. ट्रकमधून काढलेल्या सूर्यास्तांचे चार हजार फोटो त्यात आहेत. काकाचा आवाज सापडला तो अकरा सेकंदांचा, गेल्या वर्षीचा निरोप: "रोंडा, तुझ्या बापाला सांग फोन सरळ धरायला. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

बाबांनी तो सात वेळा ऐकला. हेडफोन घालून, बाहेरचा आवाज बंद करून. बाकीचं सामान मी उगाच नव्हतं निवडलं.

तर आता तुम्ही बोला. डेरिकला पुढं करू नका. तो पोरगा त्यानंतर बाबांच्या दारात केक ठेवून गेला, बेल न वाजवता. मी तुम्हाला विचारतेय, जो त्या दिवशी फोनच्या पलीकडं होता त्याला, आणि त्याच्या वर जो असेल त्याला. टेप लावा, असं तुम्ही लिहिलंत. कुठपर्यंत लावायची ते लिहिलं नाहीत. आकडा उघडा ठेवा, हे त्याच ओळीत लिहायला तुम्हाला किती शाई लागली असती? आणि ती बॅटरी पेट घेईल अशी भीती होती, तर साठ माणसांच्या रांगेला लागून उघड्या टोपलीत, जॅमच्या बाटल्यांवर का टाकलीत? भीती नव्हती, तर माझ्या बापाकडून घेतलीत का?

दोन्हींतलं एक खरं आहे. कुठलं, ते लिहून पाठवा. आभार नकोत. उत्तर द्या.